झाँत्यू: परगावी गेलेल्यांनी बांधलेले गाव

झाँत्यू हे गाव फ्रान्सच्या नकाशावर शोधायचे असेल, तर पॅरिसपासून सरळ दक्षिणेकडे यावे आणि देशाच्या साधारण मध्यावर, जिथे मोठ्या शहरांची नावे विरळ होत जातात, तिथे थांबावे. क्रोझ या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, मिलवाशच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर ते वसलेले आहे. शेजारच्या पिजरोल गावाशी त्याचा संयुक्त कारभार चालतो आणि दोन्हींची मिळून लोकवस्ती चारशेच्या आत आहे. पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर दिसणारे द्राक्षांचे मळे आणि लॅव्हेंडरची जांभळी शेते इथे नाहीत. इथली हवा त्यांना मानवत नाही. इथे आहे तो करडा ग्रॅनाइट, ओलसर कुरणे, त्यांत चरणाऱ्या तांबूस रंगाच्या लिमुझँ गाई आणि डग्लस जातीच्या सूचिपर्णी झाडांची काळोखी वने. नोकरीनिमित्त मी लिमोझ शहरात राहायला आले आणि तिथल्या एका सहकारी मैत्रिणीचे आजोळ या गावात असल्यामुळे माझे इथे जाणेयेणे सुरू झाले. पुढे मैत्रीण बरोबर नसतानाही मी जाऊ लागले, कारण फ्रान्समध्ये राहून जे प्रश्न पडत होते त्यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मला शहरापेक्षा या गावात अधिक सरळपणे मिळत गेली.

या गावाविषयी लिहिताना सुरुवात गवंड्यांपासूनच करावी लागते. ग्रॅनाइटच्या खडकावरची पातळ, आम्लधर्मी माती राय, बकव्हीट आणि बटाटा यांपलीकडे फारसे काही देत नसे, आणि कुटुंबे मोठी असत. त्यामुळे क्रोझमधले पुरुष कित्येक शतके दर वर्षी हिवाळा सरताना, मार्चच्या सुमारास, घर सोडून बांधकामाच्या कामाला बाहेरगावी जात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात परतत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एकट्या या जिल्ह्यातून दर वर्षी ३० हजारांहून अधिक माणसे अशी बाहेर पडत होती. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या काळात ओस्मान या प्रशासकाने पॅरिस पाडून नव्याने उभे केले, ते रुंद रस्ते आणि त्यांच्या दुतर्फा असलेल्या एकसारख्या दगडी इमारती आज जगभरचे प्रवासी पाहायला जातात. त्या इमारतींचा चुना कालवणाऱ्यांत आणि दगड रचणाऱ्यांत क्रोझच्या माणसांचा वाटा फार मोठा होता.

या गवंड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मार्तँ नादो. १८१५ साली इथून जवळच्या सुब्रबो परिसरातल्या ला मार्तिनेश या वाडीत त्याचा जन्म झाला आणि १८३०च्या मार्चमध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो वडिलांबरोबर पॅरिसला निघाला. त्या काळी ओर्लेआँपर्यंतचा प्रवास पायी करावा लागे आणि तिथून पुढे दाटीवाटीने भरलेल्या घोडागाड्या मिळत. पॅरिसमध्ये एका खोलीत अनेक जण, एका खाटेवर दोघे दोघे, असे झोपायचे, पहाटे मजुरांच्या नाक्यावर उभे राहायचे आणि वाचवलेला पैसा गावाकडच्या कर्जात भरायचा, हा त्या सर्वांचा क्रम होता. नादो मात्र रात्री इतर मजुरांना लिहायला-वाचायला शिकवू लागला, प्रजासत्ताकवादी चळवळीत शिरला आणि १८४९ साली थेट संसदेत निवडून गेला. १८५१च्या सत्तापालटानंतर त्याला देश सोडावा लागला. इंग्लंडमध्ये आधी गवंडीकाम आणि मग शिक्षकाची नोकरी करत त्याने बरीच वर्षे काढली, १८७० मध्ये परत येऊन तो काही काळ आपल्याच जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारचा जिल्ह्यातील प्रतिनिधी झाला आणि नंतर पुन्हा खासदार. कामावर अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे मजुरावर नसावे, यासाठी त्याने १८८० पासून संसदेत पाठपुरावा केला. तो कायदा एप्रिल १८९८ मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नादो वारला. पॅरिसच्या मेट्रोमध्ये त्याच्या नावाचे एक स्थानक होते, ते १९६९ साली शेजारच्या गांबेत्ता स्थानकात विलीन झाले. एका गवंड्याचे नाव त्या मोठ्या नेत्याच्या नावाखाली गाडले गेले, याबद्दल इथले लोक अजूनही हसत हसत तक्रार करतात.

कोकणातल्या चाकरमान्यांची आणि मनिऑर्डरवर चालणाऱ्या घरांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. पुरुष वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर असल्यामुळे नांगरट, गवतकापणी, गुरांची बाळंतपणे, सावकाराशी बोलणी हे सर्व बायकाच पाहत. लग्ने हिवाळ्यात उरकली जात आणि मुले बहुधा शरदात जन्मत. घर आणि शेत चालवणाऱ्या या बायकांना मतदानाचा हक्क मात्र १९४४ साली मिळाला, आणि ही गोष्ट मैत्रिणीची आजी आपल्या आईच्या संदर्भात अशा काही स्वरात सांगते की, ऐकणाऱ्याला आपणच जबाबदार आहोत असे वाटावे. पुरुष पॅरिसहून परतताना पैशाबरोबर आणखीही काही आणत. वर्तमानपत्रे, संघटनेच्या कल्पना, पाद्र्यांविषयीचा संशय आणि वरिष्ठांपुढे मान न झुकवण्याची सवय या पठारावर शेतातून उगवली नाही, ती पॅरिसच्या परांच्यांवरून उतरून आली. १८७१च्या पॅरिस कोम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोरांच्या अल्पकालीन सत्तेच्या, पाडावानंतर जे पकडले गेले, त्यांत क्रोझच्या गवंड्यांची संख्या लक्षणीय होती. हा भाग आजही डाव्या विचारांचा म्हणून ओळखला जातो, त्याची मुळे तिथवर जातात असे मला वाटते.

गवंड्यांची खूण गावातल्या घरांवर अजून वाचता येते. मैत्रिणीच्या आजोळच्या घराच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या आहेत, जे शेतातून वेचून आणले आणि मातीत बसवले. पण घराचे चारही कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि दरवाजावरचा आडवा दगड इतक्या सफाईने घडवलेला आहे की, दोन दगडांच्या सांध्यात नख शिरत नाही. त्या आडव्या दगडावर १८६७ हे साल आणि घरधन्याच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आहेत. '7' या आकड्यातील आडवी रेघ मारायला जागा अपुरी पडली म्हणून ती किंचित वर सरकवलेली दिसते. वर्षभर दुसऱ्यांसाठी दगड घडवणाऱ्या माणसाने हिवाळ्यात सवडीने स्वतःच्या दारावर हात चालवला आहे, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. शेजारचा गोठाही तसाच आहे. गुरांच्या दारावरची कमान काही शहरांतल्या चर्चना हेवा वाटेल इतकी नेटकी आहे.

रेल्वे आल्यानंतर ये-जा सोपी झाली आणि नेमके तेच गावाच्या मुळावर आले. पायी जाणारा गवंडी एकटा जात असे, पण रेल्वेने जाणारा पुढेपुढे बायकोमुलांना घेऊन जाऊ लागला आणि हिवाळ्यातही पॅरिसमध्येच राहू लागला. क्रोझ जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ साली सुमारे २ लाख ८७ हजार होती. आज ती १ लाख १५ हजारांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांच्या मधोमध पहिले महायुद्ध उभे आहे.

फ्रान्समध्ये असे गाव क्वचितच सापडेल, जिथे १९१४ ते १९१८ या युद्धातील मृतांचे स्मारक नाही. देशभर अशी सुमारे ३६ हजार स्मारके आहेत, आणि बहुतेकांवर विजयाचा कोंबडा, बंदूक उंचावलेला सैनिक किंवा पुष्पचक्र घेतलेली स्त्री असते, व खाली 'देशासाठी मेलेली आमची मुले' अशा अर्थाचा मजकूर. झाँत्यूचे स्मारक १९२२ मधले. त्यावर सैनिक नाही. नावांच्या शिळेशेजारी शाळेचा अंगरखा आणि पायांत लाकडी खडावा घातलेला एक मुलगा उभा आहे. त्याच्या एका हातात टोपी आहे आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळून त्याने शिळेकडे रोखली आहे. मूठ जिकडे रोखली आहे तिथे कोरले आहे, 'युद्धाचा धिक्कार असो'. हा मुलगा उंच चौथऱ्यावर नाही, त्यामुळे बघणाऱ्याची आणि त्याची नजर जवळजवळ समोरासमोर येते, आणि कोणाही गावच्या पोरासारखा त्याचा चेहरा दुःखी कमी आणि संतापलेला जास्त दिसतो. गावाच्या त्या वेळच्या मेयरने, झ्यूल कुतो याने, स्वतः युद्धात विषारी वायूचा मारा सोसला होता. असे स्मारक उभारायचे हे त्याने आणि त्याच्या सदस्यांनी ठरवले, तेव्हा प्रीफेक्टने उद्घाटनाला यायचे नाकारले. गावाने स्मारक मात्र हलवले नाही आणि मजकूरही बदलला नाही. आता दर वर्षी ११ नोव्हेंबरला दूरदूरचे शांततावादी लोक इथे जमतात.

हा संताप नुसता शोकातून आलेला नाही, त्यामागे एक ठोस कथा आहे, ती या भागात सगळ्यांना माहीत असते. शेजारच्या रुवायेर गावचा फेलिक्स बोदी हा गवंडी लिमोझच्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता. एप्रिल १९१५ मध्ये फ्लिरे इथे त्याच्या कंपनीने, लागोपाठच्या निष्फळ हल्ल्यांनंतर, पुन्हा खंदकातून बाहेर पडायला नकार दिला. साऱ्या कंपनीला शिक्षा देणे शक्य नव्हते, म्हणून इतरांना जरब बसावी यासाठी चौघांना निवडून २० एप्रिलला गोळ्या घातल्या गेल्या. बोदी त्यांपैकी एक. १९३४ साली न्यायालयाने त्या चौघांना निर्दोष ठरवले. रुवायेरच्या स्मशानात त्याच्या कबरीवर सहकारी गवंड्यांनी लावलेल्या पाटीत तो भेकड नव्हे, हुतात्मा होता असे लिहिलेले आहे. झाँत्यूच्या स्मारकाची छायाचित्रे सर्वत्र पाहायला मिळतात, रुवायेरच्या या पाटीकडे मात्र फार थोडे लोक जातात. माझ्या मते दोन्ही एकाच दिवशी, याच क्रमाने पाहावीत.

युद्ध आणि स्थलांतर यांनी माणसे नेली, तरी गावाचा कारभार मात्र जागच्या जागी राहिला, हे मला या देशाचे मोठे वैशिष्ट्य वाटते. १४ डिसेंबर १७८९च्या कायद्याने फ्रान्समधील प्रत्येक शहराला आणि खेड्याला एकाच मापाची स्थानिक संस्था दिली. तिला कोम्यून म्हणतात. आजही देशात सुमारे ३५ हजार कोम्यून आहेत, आणि लियों किंवा बोर्दो यांना जो कायदेशीर दर्जा, तोच तत्त्वतः झाँत्यूला. चारशे माणसांच्या गावालाही मेयर आणि निवडून आलेले सदस्य असतात. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद १७९२ पासून चर्चच्या नव्हे, तर याच कचेरीच्या वहीत होते. चर्चमध्ये लग्न लावायचे असेल तर आधी कचेरीत मेयरसमोर सही करावी लागते. १९०५च्या कायद्याने राज्य आणि चर्च वेगळे झाले, तेव्हा जुन्या चर्चच्या इमारती कोम्यूनच्या मालकीच्या झाल्या. परिणामी, प्रार्थनेला एरवी मोजकी डोकी जमत असली आणि पाद्री डझनभर गावांत मिळून एकच असला, तरी चर्चचे छप्पर गळू लागले की त्याचा खर्च गावाच्या अंदाजपत्रकात येतो, आणि देव न मानणारे सदस्य त्या खर्चाला निमूटपणे हात वर करतात.

अशा गावाची कचेरी आठवड्यातून काही तासच उघडी असते. दर्शनी भिंतीवर 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' ही अक्षरे, आत प्रजासत्ताकाचे प्रतीक असलेल्या मारियानचा अर्धपुतळा, राष्ट्राध्यक्षांचे छायाचित्र, शेजारी जुन्या भूमापनाचे नकाशे, आणि या सर्वांची खरी सूत्रधार म्हणजे कचेरीची सचिव. कोणाच्या विहिरीचा कागद कुठे आहे, कोणाचा बांध कुठवर जातो आणि कोणाशी कोणत्या विषयावर बोलू नये, हे तिला ठाऊक असते. मेयरला मानधन थोडेच मिळते. पण वादळात झाड पडले, कुत्रा हरवला, शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे चारला आरवला, की फोन त्यालाच जातो. कोंबड्याचा उल्लेख मी विनोदाने करत नाही. शहरातून आलेल्यांनी कोंबड्यांवर आणि चर्चच्या घंटांवर खटले भरायला सुरुवात केल्यानंतर, जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सच्या संसदेने खेड्यांतले आवाज आणि वास हा ग्रामीण वारशाचा भाग आहे असे मानणारा कायदाच केला.

निवडणुकीची पद्धतही अलीकडेपर्यंत वेगळी होती. हजाराहून कमी वस्तीच्या गावांत मतदाराला छापील यादीतली नावे खोडता येत असत, म्हणजे एखाद्याला निवडून देताना त्याच यादीतल्या दुसऱ्यावर शांतपणे रेघ मारता येई. रविवारी सकाळी हसून हात मिळवलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या नावावर रेघ मारली, हे उमेदवाराला संध्याकाळी सर्वांसमोर मोजून दाखवले जात असे. २०२५च्या कायद्याने ही सोय काढून घेतली आणि मार्च २०२६ च्या निवडणुकीपासून लहान गावांतही स्त्रिया व पुरुष आलटून-पालटून असलेल्या बांधीव याद्या आल्या. स्त्रियांची संख्या वाढावी हा हेतू उत्तमच आहे, पण खोडण्याचा अधिकार गेल्याचे अनेकांना मनापासून वाईट वाटते.

या लोकांच्या स्वभावाविषयी सांगायचे, तर पहिली गोष्ट म्हणजे 'बोंझूर'. दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षालयात, रस्त्यावर, कुठेही समोर माणूस आला की आधी 'बोंझूर' म्हणायचे आणि मगच बोलायचे. ते न म्हणता काही विचारले तर उत्तर मिळते, पण थंड. एकदा म्हटले की मात्र कोणीही तुम्ही कुठले, इथे कशाला आलात, पगार किती, असे विचारत नाही. आपल्याकडच्या चौकशीच्या उबेची सवय असलेल्या मला सुरुवातीला हा तुटकपणा वाटला होता. पुढे लक्षात आले की, इथे ओळख प्रश्नांतून होत नाही, ती कामातून होते. लाकडे फोडून रचण्याच्या दिवशी मी हातमोजे घालून उभी राहिले, त्यानंतर माझ्याशी लोक आपणहून बोलू लागले. तरीही शरदात रानात येणाऱ्या सेप नावाच्या अळंब्यांची जागा कोणीही सांगणार नाही. मैत्रिणीच्या आजीने ती स्वतःच्या जावयालाही सांगितलेली नाही.

ओळख पक्की झाल्याची खूण म्हणजे जेवणाचे बोलावणे, आणि जेवणात बटाट्याचा 'पाते'. ही क्रोझची आणि आसपासच्या भागाची हक्काची गोष्ट आहे. मैद्याच्या लोणीयुक्त पारीवर बटाट्याच्या पातळ चकत्या, कांदा, लसूण आणि पार्स्ली यांचे थर रचायचे, वरून दुसरी पारी झाकायची आणि भट्टीत भाजायचे. भाजून झाल्यावर खरी कारागिरी सुरू होते. वरचे झाकण सुरीने कडेकडेने कापून अलगद उचलायचे, वाफाळत्या बटाट्यांवर घट्ट साय ओतायची, झाकण पुन्हा जागेवर ठेवायचे आणि साय मुरेपर्यंत कोणालाही हात लावू द्यायचा नाही. काही घरांत आत मांसाचा खिमाही घालतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे. कोणाच्या घरचा पाते चांगला यावर गावात जे मतभेद आहेत, ते राजकारणातल्या मतभेदांपेक्षा टिकाऊ आहेत.

गावात फिरताना बंद खिडक्यांची घरे पुष्कळ दिसतात. ती विकत का घेता येत नाहीत, असा प्रश्न मला पडला होता, कारण किमती शहराच्या मानाने अगदी कमी आहेत. उत्तर वारसा हक्कात आहे. १८०४च्या नागरी संहितेपासून मुलामुलींना आईबापांच्या मालमत्तेत समान वाटा मिळतो, आणि वाटण्या झाल्या नाहीत तर घर सर्वांच्या सामाईक मालकीत राहते. दोन पिढ्या गेल्या की एका घराचे दहा-बारा मालक होतात, त्यांपैकी कोणी पॅरिसला, कोणी बोर्दोला, कोणी कॅनडाला, आणि एखाद्याचा पत्ताच कोणाला माहीत नसतो. घर विकायचे तर सामान्यतः सगळ्यांची संमती लागते. ती येईपर्यंत छप्पर खाली येते. गाव सोडून गेलेल्यांची गावावरची पकड किती घट्ट असते, हे मला या घरांकडे पाहून कळले.

गावात येणाऱ्यांचाही एक इतिहास आहे, आणि त्याचा एक भाग काळा आहे. १९६२ ते १९८४ या काळात हिंदी महासागरातल्या रेउन्यों या फ्रेंच बेटावरून किमान २,०१५ अल्पवयीन मुलांना सरकारी यंत्रणेने फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या ग्रामीण जिल्ह्यांत आणून वसवले. क्रोझ हा त्यांपैकी एक, आणि त्याच्यावरूनच त्या सर्वांना 'क्रोझची मुले' हे नाव पडले. अनेकांच्या आईबापांना मुले शिकून परत येतील असे सांगितले गेले होते. काही मुलांना चांगली घरे मिळाली, तर काहींना शेतांवर बिनपगारी गडी म्हणून राबवले गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या संसदेने राज्याची नैतिक जबाबदारी मान्य करणारा ठराव केला. या विषयावर गावात मोकळेपणाने बोलले जात नाही. विचारले तर वयस्क माणसे 'आमच्या शेजारी एक होता' इतके सांगून थांबतात.

स्वखुशीने आलेल्यांची लाट १९६८ नंतर सुरू झाली आणि ती अजून ओसरलेली नाही. शेजारच्या फो-ला-मोंतान्य या चारशेच्या आसपास वस्तीच्या गावात १९८६ पासून तेले मिलवाश ही स्थानिक दूरचित्रवाहिनी चालते आणि १९८८ पासून आंबियाँस ब्वा ही कामगारांच्याच भागीदारीतली लाकूड कापण्याची गिरणी. पठाराच्या पलीकडच्या उतारावरील तार्नाक गावात अशाच नव्या मंडळींनी किराणा दुकान चालवायला घेतले होते. रेल्वेच्या तारांची तोडफोड केल्याच्या संशयावरून दहशतवादविरोधी पोलिसांनी ११ नोव्हेंबर २००८ रोजी त्यांच्यापैकी काहींना पकडले, तेव्हा ज्यांच्याशी त्यांचे विचार जुळत होते असे नाही, त्या गावकऱ्यांनीही त्यांच्या समर्थनार्थ समिती स्थापन केली. आरोपींची तोडफोडीच्या आरोपातून सुटका व्हायला २०१८ साल उजाडले. दुकानदार आपला आहे आणि त्याच्याविषयी पॅरिसने आम्हाला सांगू नये, ही त्यामागची भावना गवंड्यांच्या पणतवंडांना शोभणारी होती.

जुन्या आणि नव्या मंडळींत एरवी बरे चालते. नव्यांची मुले आहेत म्हणून शाळेचे वर्ग टिकले, हे जुने मान्य करतात, आणि ट्रॅक्टर बंद पडला तर कोणाकडे जायचे हे नव्यांना माहीत असते. आता खरा वाद आहे तो वनांचा. शंभर वर्षांपूर्वी हे पठार बहुतांशी उघडे माळरान होते, त्यावर मेंढ्या चरत. माणसे गेली, मेंढ्या गेल्या, आणि जमिनीचे करायचे काय हा प्रश्न उरला. मार्यूस वाझेय नावाच्या वनतज्ज्ञाने, जो पुढे कम्युनिस्ट खासदारही झाला, शेतकऱ्यांना सांगितले की, वाईट जमिनीवर थोडी थोडी झाडे लावा, ती तुमची बचत होईल आणि चांगल्या जमिनीवर गुरे ठेवा. प्रत्यक्षात शेतकरी उरलाच नाही. १९४६ मध्ये सरकारने वनलागवडीसाठी निधी उभारला, तेव्हा शहरात गेलेल्या वारसांनी सगळ्याच जमिनीवर झाडे लावून टाकली, कारण झाडांना रोज कोणी लागत नाही. आज पठाराचा अर्ध्याहून अधिक भाग वनाखाली आहे आणि डग्लसची झाडे कापणीच्या वयाला आली आहेत.

त्यांची कापणी आता माणसे करत नाहीत. एक अवजड यंत्र येते, झाड बुंध्याशी धरून कापते, फांद्या सोलते, मापाचे तुकडे पाडते, आणि काही दिवसांत आख्खा डोंगर उघडा होतो. मागे खुंट, चाकांच्या खोल चाऱ्या आणि गढूळ झालेले ओढे राहतात, त्यांत तोरियों नदीचे उगमाजवळचे पाणीही आले. नव्या मंडळींचा या सरसकट तोडीला कडवा विरोध आहे. जुन्यांचे म्हणणे असे की, हे आमच्या आजोबांनी लावले ते विकण्यासाठीच, आणि मोकळ्या माळावर वाढलेल्या माणसाला झाडे गेल्याचे दुःख कसे होणार? दोन्ही बाजू मला पटतात, पण मातीचा विचार केला तर माझे मत नव्यांकडे झुकते. वने बहुतेक खासगी मालकीची असल्यामुळे मेयरच्या हाती या वादात फारसे काही नाही. काही जणांनी वर्गणी काढून वनाचे लहान तुकडे सामूहिक मालकीने विकत घ्यायला सुरुवात केली आहे.

मैत्रिणीच्या आजोळच्या मालकीचाही असा एक तुकडा आहे, पणजोबांच्या मेंढ्यांच्या कुरणावर लावलेला. लाकूड व्यापाऱ्याने त्यासाठी चांगली किंमत देऊ केली आहे आणि वर्गणीवाल्या गटानेही कमी का होईना, पण लेखी देकार पाठवला आहे. आजीच्या नावे अर्धा हिस्सा, उरलेला तिच्या भाच्यांकडे. आजी गटाला द्यायच्या बाजूने आहे, लिमोझचे दोघे भाचे व्यापाऱ्याच्या, आणि बोर्दोच्या भाच्याने दोन्ही पत्रांना अजून उत्तर दिलेले नाही.